व्याह्यांचं मत

या पृथ्वीवर असा एकही विषय नाही, की ज्यावर आमच्या व्याह्यांना मत नाही. आणि असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, की ज्याने ते आपणहून मागितलं आहे. पंख्यांच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म विक्री खात्यात काढला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि एक टेबलफॅन देऊन निरोप दिला. तिथून पुढे विकायला पंखे उरले नाहीत म्हणून ते मतं वाटू लागले, तीही फुकट आणि घरपोच. यंत्राला अक्कल असते का, सांख्य दर्शनात बुद्धीला जड का म्हटलं आहे, देव नसेल तर मोदक कुणासाठी करायचे आणि मुंबई नेमकी कुठून बुडायला लागेल, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ते एका दमात द्यायचे. चहा मात्र दोनदा लागायचा.

आमची केतकी त्यांच्या निनादशी लग्न करून मुलुंडला गेली, तेव्हापासून ते आमचे व्याही. आम्ही बोरिवलीचे. दोन्ही घरांच्या मधे नॅशनल पार्कचं अख्खं जंगल पसरलेलं, त्यामुळे एकमेकांकडे जायचं तर मुंबईला वळसा घालावा लागतो. मला या भूगोलाचा फार आधार वाटला होता. पण पहिल्याच आठवड्यात ते दारात उभे. हातात कापडी पिशवी, डोक्यावर ओला पंचा, आणि म्हणाले, "व्याही, नकाशात बघितलं तर आपण शेजारी आहोत. मधे फक्त बिबटे आहेत." त्यानंतर दर पंधरवड्याला त्यांची फेरी ठरलेली. मी स्वतःला पुरोगामी वगैरे समजतो. मुलीच्या बापाने मुलाच्या बापापुढे मान खाली घालायची ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. पण ते समोर बसून बोलायला लागले, की माझी मान आपोआप डोलायला लागायची. त्यांचा त्यावरून असा समज झाला, की मुंबईत त्यांचं म्हणणं पूर्णपणे पटलेला एक तरी माणूस आहे, आणि तो बोरिवलीत राहतो.

लग्न ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मुलांनी आधीच सगळं जमवलेलं, आम्ही फक्त पोहे खायला. विहीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अतिशय कमी बोलणाऱ्या. का, ते मला अर्ध्या तासात कळलं. व्याह्यांनी पत्रिका विचारली नाही, देण्याघेण्याचं नाव काढलं नाही, मला वाटलं काय उमदा माणूस आहे. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "तुमचं समुद्राबद्दल काय धोरण आहे?" मला वाटलं, हनिमूनबद्दल विचारतायत. मी म्हटलं, मुलं ठरवतील. ते म्हणाले, "मुलांच्या हातात नाही ते. समुद्र वर चढतोय. मढ, वर्सोवा विसरा. पुढेमागे ठाण्याची खाडी आमच्या गल्लीपर्यंत येणार. तुमची मुलगी सी-फेसला पडतेय, एवढं लक्षात ठेवा." घरी येताना रिक्षात ही म्हणाली, "मुलगा चांगला आहे. मुलगी काही त्या माणसाशी लग्न करत नाहीये." आमच्या हिला एका वाक्यात विषय संपवता येतो. व्याह्यांना ही कला शिकवावी असं मला अनेकदा वाटलं.

धर्माच्या बाबतीत ते कट्टर नास्तिक. देव नाही, हे ते कुणालाही ठणकावून सांगतात, फक्त शनिवारी सांगत नाहीत. गणपतीला त्यांनी यातून सूट दिलेली आहे, कारण त्यांच्या मते तो देव नसून घरातलाच आहे. लग्नात सप्तपदी चालू असताना त्यांनी गुरुजींना थांबवलं आणि म्हणाले, "गुरुजी, याचा अर्थ सांगत चला. मोबाईलमध्ये नवीन काही घालताना अटींचं भलंमोठं पान येतं, लोक न वाचता मान्य करतात. तसं नको." गुरुजी घाईत होते, त्यांना संध्याकाळी भांडुपला आणखी एक लग्न होतं. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा." ही सूचना कुठल्याही शहाण्या माणसाने व्याह्यांना करू नये. प्रत्येक पावलाला त्यांनी भाष्य केलं. तिसऱ्या पावलाशी ते अद्वैत वेदान्तात शिरले, आणि पाचव्या पावलापर्यंत पंगतीतला जिलेबीचा घाणा थंड झाला. केतकी आणि निनाद एक पाय पुढे टाकून पुतळ्यासारखे उभे होते आणि हसू दाबत होते. त्या दोघांचा तसा एक फोटो आहे. फार सुंदर आलाय.

तंत्रज्ञानाचा आणि त्यांचा संबंध जवळच्या नातेवाइकासारखा, म्हणजे रोज भांडण. फोनमधल्या बोलक्या मदतनिसाशी ते तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं, "तू स्वतःला 'मी' म्हणतोस. हा अधिकार तुला कुणी दिला?" यंत्राने माफी मागितली. व्याही दुसऱ्या दिवशी खास ते सांगायला बोरिवलीला आले. "एका शब्दात माफी, व्याही. म्हणजे अहंकार नाही. म्हणजे तो आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर आहे." यावर माझी मान डोलली. मग त्यांनी सांख्य दर्शन काढलं. त्यात म्हणे बुद्धी ही प्रकृतीचीच, म्हणजे दगडामातीच्या कुळातली. जाण असते ती पुरुषाला, म्हणजे आत्म्याला. "त्यामुळे डबड्याला बुद्धी आली याचं आश्चर्य करू नका. बुद्धी डबड्याचीच होती. आपण उगाच आपली समजत होतो." आता हे वाक्य मी पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका स्नेह्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "चूक नाहीये." मला याचा इतका राग आला, की मी ते व्याह्यांना कधीच सांगितलं नाही.

पण या दर्शनाचे प्रयोग घरात होत. राउटर सतत चालू असतो, त्याला विश्रांती नाही, म्हणून तो तमोगुणी होतो आणि इंटरनेट अडकतं, असा शोध लावून त्यांनी दर संकष्टीला राउटरचा उपास सुरू केला. केतकी तेव्हा घरून काम करायची. एका संकष्टीला तिची बढतीची मुलाखत, समोर पडद्यावर परदेशातले साहेब. तिने तोंड उघडलं आणि साहेब थिजले. बाहेर येऊन बघते तर राउटरची वायर काढून नीट गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली, आणि सासरे, म्हणजे तिचे अप्पा, म्हणतायत, "चंद्रोदयाला चालू होईल." ती लॅपटॉप घेऊन जिन्यात धावली आणि शेजारच्या काकूंच्या वायफायवर, त्यांच्या चपलांच्या कपाटाला टेकून, तिने मुलाखत दिली. बढती मिळाली. व्याह्यांनी पेढे वाटले आणि इमारतभर सांगितलं, की उपास फळला. केतकी हे आम्हाला सांगताना हसून हसून लोळत होती. "अप्पा वेडे आहेत रे बाबा," म्हणाली, "पण मज्जा येते."

हवामान हा त्यांचा सर्वांत लाडका आणि आम्हाला सर्वांत महाग पडलेला विषय. एसी त्यांना मान्य नाही. "आपला उकाडा उचलून शेजाऱ्याच्या खिडकीत फेकायचा, याला यंत्र म्हणता? ही हिंसा आहे." अहिंसा, अपरिग्रह आणि अपकेंद्री बल असं काहीतरी एकत्र करून ते यावर बोलत. यात पंखा विकणाऱ्याचं जुनं वैर किती आणि पर्यावरण किती, ते मला कधी कळलं नाही. मात्र मे महिन्यात त्यांचा मुक्काम आमच्याकडे वाढायचा आणि बैठकीतली जागा बरोबर एसीखालची असायची. हिने एकदा शांतपणे विचारलं, "व्याही, त्रास होत नाही ना हिंसेचा?" ते म्हणाले, "पाप चालू करणाऱ्याला लागतं, विहीणबाई. बसणाऱ्याला नाही." त्याच उन्हाळ्यात त्यांनी मुलुंडच्या सोसायटीला पटवून गच्ची पांढरी करायला लावली. छत पांढरं असलं की खाली गारवा राहतो, हे खरंच आहे. पण रंगात विष नको म्हणून व्याह्यांनी नुसता चुना लावून घेतला. मग एक अवकाळी सर आली आणि गच्ची खाली उतरली. सेक्रेटरींच्या नव्या काळ्या गाडीवर विभूतीचे पट्टे उमटले. सोसायटीची तातडीची सभा झाली. तिथे व्याह्यांनी उभं राहून सांगितलं, की गाडी पांढरी असती तर कुणाला कळलंही नसतं, तेव्हा मूळ दोष काळी गाडी घेण्यात आहे. सेक्रेटरींनी पुढचे सहा महिने त्यांच्याशी बोलणं सोडलं. व्याह्यांना वाटलं, पटलं.

असं सगळं गमतीत चाललं होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. मग एका शनिवारी दुपारी केतकी बॅग घेऊन आली. राहायला आलीय म्हणाली. किती दिवस, असं हिने विचारलं, तर तिने बॅग आत नेऊन कपाटात कपडे लावायला घेतले. मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरं कुणी नाही. मला तर कारण असतं तर बरं वाटलं असतं. "आम्ही बोलतच नाही रे बाबा," ती म्हणाली. "भांडतही नाही. तो एका खोलीत, मी एका खोलीत. जेवताना अप्पा बोलतात, आम्ही ऐकतो, आणि उठतो. एक वर्ष होऊन गेलं." त्या रात्री ही जेवली नाही. मी एसी चालू करून बसलो आणि गार वाटेना.

दोन्ही घरांनी एकदा एकत्र बसावं असं ठरलं, म्हणून आम्ही मुलुंडला गेलो. जाताना मी मनात ठरवलं होतं, की आज मान डोलवायची नाही. आज त्यांनी सांख्य काढलं, की मी सरळ सांगणार, व्याही, पुरे. गेलो तर विहीणबाईंचे डोळे सुजलेले. निनाद खाली बघून म्हणाला, "चूक माझीच आहे." केतकी म्हणाली, "तुझी एकट्याची नाहीये." हिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एक चमचा जरी पडला असता तरी दोन्ही बायका रडायला लागल्या असत्या आणि मग कोण काय बोललं असतं देव जाणे. आणि त्या शांततेत व्याह्यांनी घसा साफ केला.

"बौद्धांचं एक म्हणणं आहे," ते म्हणाले. विहीणबाई म्हणाल्या, "अहो." पण ते थांबले नाहीत. "त्यांच्या मते जगात काहीच टिकत नाही. दर क्षणाला जुनं जातं, नवं येतं. बोहल्यावर जी मुलगी आणि जो मुलगा उभे होते, ते आता नाहीतच. ही दोघं वेगळी आहेत. त्यामुळे इथे कुणी कुणाला सोडत नाहीये. कुणी कुणाला फसवलेलं नाही. चूक कुणाची, हा प्रश्नच येत नाही. ज्यांची असेल, ते गेले."

निनाद मान न उचलता म्हणाला, "बाबा, कोर्टात हे चालणार नाही."

केतकीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला, पण ते आवरेना, आणि मग निनादही हसायला लागला, आणि दोघं त्या सप्तपदीच्या फोटोत दिसतात तशीच दिसली. हसता हसता केतकी रडायला लागली आणि विहीणबाईंनी उठून तिला जवळ घेतलं. त्यानंतर जे काही ठरवायचं होतं, ते चहा पिऊन होईपर्यंत ठरलं. आवाज चढला नाही. नात्यातल्या कितीतरी जणांनी मला आधी सांगून ठेवलं होतं, की असं बोला, तसं अडवा, वकील आणा. त्यातलं काहीही बोलायची वेळ आली नाही. त्या माणसाने मूर्खपणा केला की शहाणपणा, हे मला आजही सांगता येत नाही.

आम्हाला रिक्षात बसवायला ते खाली आले. केतकी आणि ही पुढे गेल्या. ते फाटकाशी थांबले. एरवी शुद्ध पुस्तकी बोलणारा हा माणूस मूळचा मालवणकडचा, पण ते मला त्या दिवसापर्यंत त्यांच्या बोलण्यातून कधी कळलं नव्हतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी इतको बोलत रवलंय, ही दोघां गप आसत ता माका आयकाकच इला नाय." मी त्यांच्या दंडाला हात लावला. मला तेव्हा त्यांना खोडून काढायचं होतं. सांगायचं होतं, की तसं काही नाही हो, तुम्हाला त्यांचं गप्प होणं ऐकू आलं असतं तरी हे झालंच असतं. इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांना खोडत आलो आणि नेमकं तेव्हा जमलं नाही.

कोर्टाचं काम रीतसर उरकलं. आमच्याकडे एकदम शांतता झाली. पंधरवड्याच्या फेऱ्या बंद, रोज सकाळी त्यांच्याकडून फोनवर येणारे वितळत्या बर्फाचे फोटो बंद. पहिले काही महिने मी ती शांतता उपभोगली. मग मे आला, उकाडा वाढला, आणि एका दुपारी मी आणि ही समोरासमोर बसलेले असताना ही एसीकडे बघून म्हणाली, "त्यांचं काय चाललं असेल?" मी विचारलं, कुणाचं? पण ती तरी काय म्हणणार? व्याही म्हणायची सोय राहिली नव्हती. या नात्याला आधी शब्द होता. ते संपल्यावर त्या माणसाला काय म्हणायचं, याचा विचार आपल्या भाषेत कुणी करून ठेवलेला नाही.

केतकीने सांताक्रूझला मैत्रिणीबरोबर भाड्याने घर घेतलं होतं, वरचा मजला, पश्चिमेची खिडकी. एका रविवारी हिने केलेली कैरीची डाळ घेऊन मी न कळवता गेलो. दार मैत्रिणीने उघडलं. आत खिडकीशी स्टुलावर एक माणूस पाठमोरा उभा, डोक्यावर ओला पंचा, हातात हातोडी, आणि खिडकीत वाळ्याचा पडदा अर्धा लटकलेला. वासाने सगळं घर भरून गेलं होतं. केतकी खाली स्टूल धरून उभी. मला बघून ती गडबडली. "बाबा, ते... अप्पा अधूनमधून येतात. तुला सांगणारच होते."

व्याह्यांनी वळून बघितलं. "काय व्या—" म्हणाले आणि तिथेच अडले. मग म्हणाले, "या. बसा. पश्चिमेची खिडकी आहे. हिला मी घर घ्यायच्या आधीच सांगितलं होतं." मी बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाई पडद्याचं पाणी आपल्या खिडकीत गळतंय म्हणून वर आल्या, तर त्यांनाही वाळ्याचे गुण सांगण्यात आले. जाताना त्या पडदा कुठे मिळतो ते विचारून गेल्या.

निघालो ते आम्ही बरोबरच. हायवेवरच्या बसथांब्यावर उभे राहिलो. डोक्यावरून एक विमान उतरत होतं, ते त्यांनी मान वर करून पार दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "निनादचं ठरतंय. मुलगी नाशिकची. चांगली आहे. आमच्या हिचं म्हणणं, आता मी इकडे येणं बरं दिसत नाही. नव्या माणसांना वाईट वाटेल. तिचं बरोबर आहे." पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "म्हणून म्हटलं, उन्हाळ्याआधी पडदा तरी लावून द्यावा. यायला उशीरच झाला." आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं काय मत आहे?"

मला मत नव्हतं. नवीन सुनेचा विचार केला तर विहीणबाईंचं बरोबर होतं. केतकी कसं स्टूल धरून उभी होती, ते आठवलं की चूक होतं. मी म्हटलं, "हे नवे नाशिकचे व्याही कसे आहेत?"

"बोलू देत नाहीत हो," ते म्हणाले. "त्यांची स्वतःचीच मतं आहेत."

मुलुंडची बस येताना दिसली. ते पिशवी सावरून पुढे झाले. मी म्हटलं, "ते विमानतळाचं काय म्हणत होतात तुम्ही मागे? पाणी चढल्यावर?" खरं तर विमानतळाबद्दल ते मला कधीच काही म्हणाले नव्हते. ते तिथूनच मागे फिरले. मग पिशवी खाली ठेवली, पंचा पिळून पुन्हा डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "सोपं आहे. मिठी नदी आधी धावपट्टीवर येणार." बस गेली. मागून बोरिवलीची आली, तीही आम्ही जाऊ दिली. आणखी एक मुलुंडची येऊन गेली, पण तोपर्यंत ते भरतीच्या गणितावर आले होते, आणि माझी मान डोलत होती.